आलिकांतोच्या मागे दिवा लावू नये

पोसो आमार्गो, रविवार, १२ जुलै १९५३

प्रिय नोलास्को,

काल खेचरवाल्याने तुझं गाठोडं पोचतं केलं. आत काय निघालं ते आधी लिहिते, म्हणजे वाटेत काही गहाळ झालं असेल तर तुला कळेल.

पांढरं सुती कापड, सहा वार. साखर दोन किलो, पुडा एका कोपऱ्यात फाटलेला पण साखर सांडलेली नाही. चहा पाव किलो. शिवणाचा दोरा, पांढरा आणि लाल. सार्डिन माशांचे तीन डबे, पैकी एक चेपलेला. आणि तंबाखूच्या जुन्या डबीत, वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळलेल्या, कार्बाइडच्या दिव्याच्या पितळी तोट्या, दोन.

चिठ्ठी नाही.

स्टेशनापासून इथवरचे खेचरवाल्याने तीस पेसो घेतले. शेळीच्या चीजचा एक तुकडा मी त्याला आपणहून दिला, कारण साखर कोरडी आणली. कापड तू काय भावाने घेतलंस ते कळवलं नाहीस, पण पोत बघता तुला फसवलेलं नाही. देव तुला आणखी देवो. एवढं मात्र सांगते, सहा वर्षांनी गाठोडं पाठवणाऱ्या माणसाला दोन ओळी लिहायला काय झालं होतं? वाल्पाराइसोच्या त्या बेकरीत पीठ मळून मळून बोटं आखडली का तुझी?

कापड तीलाला घागऱ्यासाठी घेतलं आहे. तू गेलास तेव्हा तुझी भाची अकरा वर्षांची होती, आता सतरा पूर्ण. यंदा सान लोरेन्सोच्या उत्सवात नाचणाऱ्यांच्या पहिल्या ओळीत आहे. गाठोडं उघडल्यापासून कापड खांद्यावरून उतरवायला तयार नाही. "आई, मामाला माझी उंची कशी कळली गं?" म्हणते. मी म्हटलं, मामाला काही कळलेलं नाही, त्याने अंदाजाने घेतलंय, आणि उरेल त्यातून मी उशीचे अभ्रे करणार आहे.

आता तोट्यांचं. संध्याकाळी हे आले, हातपाय धुतले, आणि टेबलावरची डबी उघडून बघत बसले.

"ह्या कशाला पाठवल्या त्याने?"

"दिव्याला."

"दिव्याला ते मलाही कळतं. मला कशाला?"

"खाणीत काय मेणबत्ती घेऊन जाता? तुमच्या दिव्याची तोटी फुंकर मारून मारून झिजली आहे म्हणून."

"ते त्याला कसं कळलं? नाही गं, हा टोमणा आहे. तो म्हणतोय, दाजी, तुम्हाला दिवा लावायची फार हौस ना? घ्या, लावा."

डबी फळीवर मिठाच्या बरणीमागे सरकवली आणि पाव तोडायला बसले. पण कपटा टाकून दिला नाही. घडी करून खिशात घातला. त्यावर तुमच्या बंदरातल्या बोटींच्या वेळा छापल्या आहेत. त्या ह्यांना कशाला हव्यात ते मला विचारू नकोस.

नोला, ती गोष्ट मला उगाळायची नाही. पण तुझी बाजू मी ऐकली, ह्यांचीही ऐकली, आणि दोन्ही एका कागदावर कधी आल्या नाहीत, म्हणून आज आणते. तू म्हणतोस, पहाटे उजाडायच्या आधी आलिकांतो, मागोमाग गेलं की धातूच्या शिरेपाशी नेणारा तो पक्षी, तुझ्यापुढे चालत होता. पंख मिटलेले, तरी पिसांमधून चांदीचा उजेड झिरपत होता. पोट धातूने भरलेलं, म्हणून उडवत नव्हतं. तू रीत पाळलीस, हाक मारली नाहीस, दिवा लावला नाहीस. एवढ्यात मागून दाजींनी दिवा पेटवला आणि पक्षी विझला. हे म्हणतात, पक्षीबिक्षी काही नव्हतं, तू झोपेतल्यासारखा चालला होतास.

एवढ्यावर भागलं असतं. पण तू विहिरीवर सगळ्यांदेखत विचारलंस, "दाजी, सांगा ह्यांना. पाहिलात ना?" आणि हे म्हणाले, "कुठला पक्षी? मला तर एक येडं पोर दिसलं." सगळे हसले. शेजारची रुडेसिंदाबाई तर पोहरा खाली ठेवून हसली. त्या दिवसापासून तुला "पाखरू" म्हणायला लागले, आणि त्याच आठवड्याच्या गाडीने तू गेलास.

मी त्यात पडले नाही. एका बाजूला नवरा, एका बाजूला भाऊ. मी जपमाळ घेऊन बसले. सहा वर्षं तेच करते आहे. आता वाटतं, जपमाळेबरोबर थोडी शाईही खर्च करावी.

तोट्या चांगल्या आहेत. कशा म्हणून पाठवल्यास ते लिही.

तुझी ताई,
एदुविखिस

पोसो आमार्गो, शुक्रवार, २४ जुलै

प्रिय नोलास्को,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टकार्डाचे पैसे देऊन चार ओळी लिहायच्या आणि निम्मं कोरं सोडायचं, ही कुठली रीत? उरलेल्या जागेत जेवतोस काय, प्रार्थनेला जातोस का, एवढं मावलं असतं.

तू लिहितोस: "दाजींनी एकदा सगळ्यांसमोर म्हणावं की पाखरू होतं. मग मी येईन. तोपर्यंत माझं गाव वाल्पाराइसोच." तोट्यांबद्दल अक्षर नाही.

कार्ड मी ह्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. वाचलं. दोनदा वाचलं, कारण ओठ हलत होते. मग म्हणाले, "घेवड्यात मीठ कमी आहे." मीठ बरोबर होतं.

"अहो, एक वाक्य म्हणून टाका ना," मी म्हटलं. "पोरगा घरी येईल. खाणीत तुम्हाला जोडीदार मिळेल. पाठ दुखते म्हणून रात्रंदिवस कण्हता ते थांबेल."

"न पाहिलेलं पाहिलं म्हणू? तूच पाद्रीबाबांना जाऊन सांग, म्हणावं माझा नवरा सणासुदीला खोटं बोलतोय."

शपथेवर खोटं बोला असं मी कुणाला सांगणार नाही, भाऊ परत मिळणार असला तरी. त्या संध्याकाळी भांडी जरा जोरात घासली, इतकंच.

पण नोला, तुझ्या दाजींचं काहीतरी बिनसलंय. पंधरवडा झाला, खाणीतून येतात, चहा पितात, आणि दिवस मावळायला आला की पुन्हा बाहेर पडतात. जुन्या खाणींच्या घळीकडे. "कुठे निघालात?" तर म्हणे, "वारा खायला." आपल्या इथे वारा खायला घळीपर्यंत जावं लागतं होय? दार उघडलं की वाळूसकट घरात येतो. आधी वाटलं प्रकृती. मग, देव क्षमा करो, वाटलं खानावळीत ती नवीन बाई आली आहे ती. पण ती खानावळ उलट्या दिशेला, आणि बाई माझ्याहून म्हातारी.

काल लक्षात आलं. दिवा खुंटीवर होता.

अंधार पडायच्या वेळी आपल्या इथला माणूस दिव्याशिवाय घळीत जात नाही. इतकी उघडी भोकं आहेत तिथे. दिवा घरी ठेवून माणूस एकाच कामाला जातो, ते तुला मी सांगायला नको. विचारायची सोय नाही. ज्याला दिसतो त्याने बोलायचं नसतं. बोलला की तो पक्षी त्याला जन्मात पुन्हा दिसत नाही. म्हणून मी आपली दिव्याकडे बघते, मग सान लोरेन्सोच्या तसबिरीकडे बघते, आणि गप्प बसते. मला हसूही येतं. सहा वर्षं ज्याने "कुठला पक्षी" म्हटलं, तो माणूस खडकाआड बसून कशाची वाट बघतो आहे?

एकच कोडं सुटत नाही. दिसला असेल तर हे त्याच्यामागे जात का नाहीत? रोज जसे जातात तसे परत येतात. पायताणाला तू पाखरू पाहिलंस त्या कड्याकडची लाल माती नाही, फक्त घळीची पांढरी. कुणाची तरी वाट बघत बसावं तसं चाललंय.

यंदा पाऊस झाला, तुला वर्तमानपत्रात दिसलं असेल. टेकड्यांवर हिरवं कोवळं उगवलंय. शेळ्या खुळावल्या आहेत. दूध दीडपट. चीज विकून तीलाच्या घागऱ्याला लाल फीत घेतली. महाग पडली, पण सान लोरेन्सोसमोर नाचायचं म्हणून मी मन घट्ट केलं.

एक तक्रार. माझी तांबडी कोंबडी, जिला तीला कर्नलीण म्हणते, तिने अंडी द्यायचं बंद केलं आहे. म्हणजे देते, पण कुठे देते ते कळू देत नाही. रोज दुपारी तुरा ताठ करून निघून जाते आणि काळोख पडताना येते. ह्या घरात सगळ्यांनाच वारा खायची सवय लागली आहे.

ताई

पोसो आमार्गो, रविवार, २ ऑगस्ट

प्रिय नोलास्को,

हे पत्र बसून वाच. हातात पीठ असेल तर पुसून वाच.

गुरुवारी मी ठरवलं, आज अंडी सापडल्याशिवाय परतायचं नाही. उत्सवाच्या पावाला अंडी लागतात, आणि रुडेसिंदाबाईकडून विकत घ्यायची म्हणजे ती भावही वाढवते आणि उपकारही करते. कर्नलीण निघाली तशी मी टोपली घेऊन तिच्या मागे. ती थांबली की मी थांबायची. ती मागे वळून बघायची, मी आकाशाकडे बघायची. अशा आम्ही दोघी विहीर ओलांडून, कचऱ्याच्या टेकाडाजवळून, थेट जुन्या घळीत गेलो. तिथे ती एका पडक्या भोकात शिरली आणि दिसेनाशी झाली.

आता पंचाईत. बाईने खाणीच्या तोंडात पाऊल टाकलं की धातूची शीर रुसते. ते भोक आपल्या आजोबांच्याही आधीचं, पण खाण ती खाणच. मी बाहेर उभी राहून "ये गं, ये गं, टी टी टी" करत बसले. ऊन उतरलं. सावल्या लांबल्या. मी टोपली आपटली, मक्याचे दाणे टाकले, पोपटासारखी बोलले. काही नाही.

"गप्प बस!"

खडकामागून आवाज आला. माझ्या हातातली टोपलीच पडली.

"कोण आहे?"

"मी आहे. गप्प बस, खाली बस."

बघते तर तुझे दाजी. टोपी गुडघ्यावर, डोळे भोकाकडे, जणू प्रार्थनेत बसलेले.

"तुम्ही इथे काय करताय?"

"वारा खातोय. तू काय करतेस?"

"मी अंडी शोधतेय."

"अंडी?" त्यांचा आवाज असा फाटला की मला वाटलं रडतात की काय. "कुणाची अंडी?"

उत्तर द्यायच्या आतच भोकातून उजेड हलला. खोटं सांगत नाही. मावळतं ऊन सरळ त्या तोंडात शिरत होतं आणि आतून काहीतरी चमकत, हलत, ठेचकाळत बाहेर येत होतं. राखाडी-रुपेरी. एकेक पीस लखलखत होतं. ह्यांनी छातीवर क्रूस केला. मीही केला. माझ्या तोंडून "कांदेलारिया माते" निघालं. तो पक्षी बाहेर येऊन उभा राहिला, अंग झाडलं, चमकदार धुळीचा एक ढग उडाला, आणि त्यातून कर्नलीण निघाली.

"क्लक," म्हणाली.

नोला, हे तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग परत तिच्याकडे.

"अहो, ही आपली तांबडी."

"दिसतंय मला."

"तुम्ही तीन आठवडे आपल्या कोंबडीची राखण करत बसला होतात?"

मला हसू फुटलं ते थांबेना. पोटात कळ येईपर्यंत हसले. शेवटी तेही हसले, टोपीत तोंड घालून. लग्नानंतर इतकं एकत्र हसल्याचं मला आठवत नाही. पण हसता हसता एकदा थांबून म्हणाले, "पहिल्या दिवशी होता तो हा नव्हता. त्याला सावली नव्हती." आणि लगेच ओठ मिटले. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

मग ते आत गेले. मी तोंडापाशी उभी राहून सूचना दिल्या. टोपीत अंडी भरून आणली, अजून गरम. दुसऱ्या हातात दगड होता. कोंबडीने घरट्यासाठी उकरलेला. मुठीएवढा, करडा, आणि नखाने ओरखडलं तर मेणासारखा निघणारा, आत रुपेरी. तू हे माझ्याहून चांगलं ओळखतोस. मला एवढंच कळतं की तुझ्या दाजींनी तो पुन्हा पुन्हा उन्हात धरून पाहिला.

"भिंतीत आहे," म्हणाले. "तिच्या पाठीमागच्या भिंतीत. शीर हातभर तरी दिसतेय."

"मग? छिन्नी आणू घरून?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"खाण माझ्या आणि नोलास्कोच्या नावावर आहे. पहिला घाव दोघांनी घालायचा असतो. एकट्याने घातला की जाते." आणि अंडी मोजत असल्यासारखं दाखवायला लागले, जे काम माझं आहे.

आता कळलं तुला, कुणाची वाट बघत बसले होते ते? ते स्वतः तुला कधी लिहायचे नाहीत, आणि मी लिहिलं हे त्यांना सांगू नकोस. तुझं कार्ड अजून खिशात आहे. कपटाही. बोटींच्या वेळा पाठ झाल्या असतील आतापर्यंत.

एक गोष्ट वाईट झाली. रुडेसिंदाबाई शेळी शोधायला घळीच्या कडेवर आली होती. तिने सगळं पाहिलं. क्रूस करतानाही पाहिलं. संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत सगळ्या पोसो आमार्गोला कळलं होतं की एव्हारिस्तोने बायकोच्या कोंबडीला आलिकांतो समजून नमस्कार केला. दुकानात मिठाला गेले तर लोक माझ्याकडे बघून "क्लक" करतात. मी त्यांना अंडी विकत देते. भाव वाढवला आहे.

उत्सव पुढच्या सोमवारी, दहा तारखेला. तुला रीत आठवते ना, प्रत्येक खाणीने वर्षातला आपला उत्तम दगड सान लोरेन्सोच्या पायाशी ठेवायचा आणि तो कुणी दाखवला त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. हे कोंबडीच्या घरट्यातला दगड नेणार आहेत. नाव काय घेतील देव जाणे. मला रात्री झोप नाही.

तुझी ताई

पोसो आमार्गो, मंगळवार, ११ ऑगस्ट

प्रिय नोलास्को,

पाय सुजले आहेत, आवाज बसला आहे, घरात पावाचा एक तुकडा शिल्लक नाही, आणि मी अशी आनंदात आहे की शाईत पाणी घालायलाही विसरले. म्हणून अक्षर एवढं काळं.

क्रमाने सांगते, नाहीतर घाईत काहीतरी सुटेल.

काल सकाळी पालखी निघाली. टेकड्या गुलाबी झाल्या आहेत, खोटं वाटेल, पण विहिरीपासून चॅपेलपर्यंत फुलं. पालखीवाले फुलं तुडवायला नको म्हणून वाकडेतिकडे चालत होते आणि संत बिचारा बोटीत बसल्यासारखा डोलत होता. बासऱ्या, ढोल. तीला पहिल्या ओळीत नाचली. तुझ्या कापडाचा घागरा, तळाशी लाल फीत. उडी मारून खाली आली की कापड हवेत अजून वरच असायचं. खेचरवाल्याचा थोरला तिच्याकडे फार बघत होता. त्याचं मी बघून घेईन.

दुपारी दगड ठेवायची वेळ झाली. तेलेस्फोरोबाबा, तेच अजून उत्सवाचे प्रमुख आहेत, दात गेले पण आवाज तोच, संताच्या उजवीकडे उभे राहून एकेका खाणीला पुकारत होते. आपली पाळी आली. हे टोपी काढून पुढे गेले. दगड ठेवला. तेलेस्फोरोबाबांनी उचलून बघितला, उन्हात धरला, ओठ मिटले.

"चांगला आहे रे, एव्हारिस्तो. कुणी दाखवला?"

मागून कुणीतरी केलंच, "क्लक!"

झालं. सगळं आवार हसायला लागलं. ढोलवाले, नाचणाऱ्या, पालखीवाले. पाद्रीबाबांनी तोंडावर पुस्तक धरलं. मीही हसले असते. पण त्यात रुडेसिंदाबाईचा आवाज आला, सगळ्यांच्या वर.

"म्हणजे सहा वर्षांमागे ते पाखरूही कोंबडीच्याच मागे गेलं होतं म्हणायचं! घरचीच आहे ही कला!"

तुझं नाव निघालं तसे हे वळले. मी त्यांचा चेहरा पाहिला आणि जपमाळ घट्ट धरली.

"नाही," म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. पण हसणं थांबलं.

"नोलास्कोने पाहिला तो आलिकांतो होता. मीही पाहिला. त्याच पहाटे. त्याच्या पाठीमागे मी होतो."

"मग विहिरीवर तू तर..." तेलेस्फोरोबाबा म्हणाले.

"विहिरीवर मी खोटं बोललो, बाबा. पोरगा पक्ष्याकडे बघत चालला होता. मी त्याच्या पायाकडे बघत होतो. कडा संपला होता. पुढच्या पावलाला खाली काही नव्हतं. हाक मारली असती तर दचकून गेला असता. एकच गोष्ट होती हातात. मला पक्षी दिसत होता आणि मला पोरगा दिसत होता. पक्षी काय, उद्या कुणालाही दिसेल. एदुविखिसला भाऊ एकच. मी दिवा लावला."

कुठेतरी एक शेळी ओरडली.

"मग खोटं का बोललास?"

"खरं बोललो असतो तर दुसऱ्या पहाटे तो पुन्हा त्याच कड्यावर गेला असता. वीस वर्षांचं पोर. त्याला कुणी अडवलं असतं? येडा म्हटलं की चिडून निघून जाईल, एवढं मला ठाऊक होतं. जिवंत जाईल." मग टोपी हातात फिरवत म्हणाले, "इतकी वर्षं जाईल असं नव्हतं वाटलं."

नोला, सहा वर्षं मी ह्या माणसाच्या शेजारी झोपते. मला सांगितलं नाही.

तेलेस्फोरोबाबांनी डोळे पुसले. मग त्यांना एकदम काहीतरी सुचलं आणि ते घाबरले.

"अरे पण एव्हारिस्तो, तू तोंडाने बोललास! सगळ्यांदेखत! आता तो तुला दिसायचा नाही. जन्मात नाही दिसायचा!"

"नको दिसू दे," हे म्हणाले. "माझ्याकडे कोंबडी आहे."

तेव्हा जे हसू उठलं ते वेगळं होतं. तुला इथे उभं राहून ऐकायला हवं होतं ते. ढोल आपणहून वाजायला लागले. पण तेलेस्फोरोबाबा रीतीचे पक्के. हात वर करून म्हणाले, "नाव अजून घेतलेलं नाही! दगड कुणी दाखवला ते सांग, मगच ढोल."

हे म्हणाले, "दगड कोंबडीने दाखवला. आणि कोंबडीच्या मागे माझी बायको होती. बाई एदुविखिस कोर्तेस."

संताच्या पायाशी आजवर बाईचं नाव कधी कुणी घेतलेलं नाही. मी खाली मान घालून उभी राहिले, जसं उभं राहायला हवं तसं. आतून काय वाटलं ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. गर्व वाढेल म्हणून संध्याकाळी जपमाळेची एक फेरी जास्त केली.

रुडेसिंदाबाई नंतर आली. हातात मध घातलेला पाव. म्हणाली, "ए, तुझ्या भावाला लिहिशील तेव्हा माझा नमस्कार सांग." मी म्हटलं, सांगते. म्हणून सांगितला. पाव चांगला होता, पण माझ्या अंड्यांशिवाय फुगला नसता, ते तिलाही माहीत आहे.

आता घरी आल्यावरचं. हे काही न बोलता फळीपाशी गेले, मिठाच्या बरणीमागून डबी काढली, खुंटीवरचा दिवा उतरवला आणि नवी तोटी बसवली. मग पलंगाखालून काहीतरी ओढलं. तुझा जुना दिवा. मला वाटलं होतं तू तो घेऊन गेलास. घासून पुसून, तेल लावून ठेवलेला. त्याला दुसरी तोटी बसवली.

"दोन कशाला पाठवल्या त्याने, ते आता कळलं," म्हणाले.

"टोमणा होता ना?" मी विचारलं.

"एक टोमणा. एक नाही."

मग तुझा दिवा पेटवून बाहेर उंबऱ्यावर ठेवला, स्टेशनच्या वाटेकडे तोंड करून. मी म्हटलं, "अहो, कार्बाइड जळतंय. गाडी आज थोडीच आहे?" म्हणाले, "आता त्या पक्ष्याचं आणि माझं काही राहिलं नाही. दिवा लावायला मी मोकळा आहे." आजही लावला. उद्याही लावणार. कार्बाइडचा डबा तळाला चालला आहे, आणि तुझी ही ताई, जी काडीपेटीतल्या काड्या मोजते, तिने हा खर्च कुठेही मांडलेला नाही.

भोकाच्या तोंडाशी त्यांनी फळी लावली आहे. भिंतीला एकही घाव घातलेला नाही. कर्नलीण फळीवरून उडी मारून जाते आणि आपलं काम करते. तिला कुणी अडवत नाही.

तुझी अट पुरी झाली, नोला. त्यांनी म्हटलं, सगळ्यांसमोर म्हटलं, आणि त्यासाठी काय सोडलं ते तुला माझ्याहून जास्त कळेल. बेकरीच्या मालकाला सांगून ये, भांडून येऊ नकोस. येताना पीठ आणू नकोस, इथे स्वस्त मिळतं. कार्बाइड आण. गुरुवारच्या गाडीने निघतोस की रविवारच्या, तेवढं उलट टपाली कळव, म्हणजे खेचरवाल्याला आधीच सांगता येईल आणि तो ऐन वेळी जास्त मागणार नाही.

तुझी ताई,
एदुविखिस